मुलाला शिक्षा नको, मार मात्र थांबावा

रुग्णालयाच्या केसपेपरवर वृद्ध स्त्रीच्या दुखापतीचे कारण बहुधा एकाच ओळीत लिहिलेले असते : ‘पाय घसरून पडल्या.’ न्हाणीत पडल्या, उंबऱ्याला अडखळल्या, रात्री उठताना तोल गेला. सत्तरीनंतर पडणे खरेच घडते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पडणारा माणूस सहसा हात टेकतो. मार बसतो तो तळहाताला, मनगटाला, गुडघ्याला, खुब्याला. दंडाच्या आतल्या बाजूला बोटे रुतल्याचे डाग असतील, कानामागे काळे-निळे झाले असेल, दोन्ही मनगटांवर सारख्याच खुणा असतील, तर जाणत्या डॉक्टरने सोबतच्या मंडळींना क्षणभर बाहेर बसवून त्या माउलीला एकटीला विचारायला हवे. तशी विचारणा झाली आणि तिने तोंड उघडलेच, तर आमच्या मराठवाड्यात पुढचे वाक्य ठरलेले असते : “लेकरू हाय माझं. त्याला आत टाकून मी कुठं जाऊ?”

या वाक्यात दोन भीती आहेत. पोटच्या मुलाला तुरुंगात पाठवण्याची एक, आणि आपल्या डोक्यावरचे छप्पर जाण्याची दुसरी. वाचकहो, या दोन्ही भीतींना उत्तर देणारी तरतूद आपल्या कायद्यात दीड तपाहून अधिक काळ आहे. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते; पण तो ‘नवऱ्याने मारलेल्या सुनांसाठी’ आहे, असा एक समज घट्ट बसला आहे. नांदेड असो वा लातूर, घराघरांतल्या आई, सासू, विधवा वहिनी, न लग्न झालेली आत्या याच समजापायी वर्षानुवर्षे मार खात राहतात.

प्रथम या कायद्याचा स्वभाव समजून घेऊ. विवाहितेच्या छळाविरुद्धचे जे कलम आपण ‘चारशे अठ्ठ्याण्णव-अ’ म्हणून ओळखत होतो, ते १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या कलमाने घेतली. ती फौजदारी वाट आहे : गुन्हा, अटक, खटला, शिक्षा. शिवाय ती पत्नीने पती व त्याच्या नातेवाइकांविरुद्ध चालायची वाट. आईने मुलाविरुद्ध नव्हे. २००५च्या कायद्याची रीत निराळी. त्यात न्यायदंडाधिकारी आधी कुणाला दोषी ठरवून आत टाकत नाहीत. ते एक आदेश काढतात. आजपासून तू आईवर हात उगारायचा नाहीस, शिवीगाळ करायची नाहीस, तिला फोनवरून वा कुणाकरवी धमकावायचे नाही, तिच्या वा दोघांच्या नावावरची मालमत्ता न्यायालयाला विचारल्यावाचून विकायची नाही. हाच १८व्या कलमाखालचा संरक्षण आदेश. त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. मुलाने आदेश पाळला, तर या आदेशापायी तो एक दिवसही कोठडीत जात नाही. त्याने तो मोडला, तरच ३१वे कलम जागे होते : एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश मोडणे हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. थोडक्यात, तुरुंगाची किल्ली आई मुलाच्याच हातात देते. ज्या आईला ‘शिक्षा नको, मार थांबावा’ एवढेच हवे असते, तिच्या मनातले दुसऱ्या कोणत्या कायद्याने इतके नेमके ओळखलेले माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी भीती घराची. एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क १७वे कलम देते. घर तिच्या नावावर असो वा नसो, कायद्याने ठरवलेल्या मार्गाखेरीज तिला तिथून हुसकावता येत नाही. १९व्या कलमाखाली न्यायालय निवासाचा आदेश देऊ शकते, मारहाण करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहण्यास सांगू शकते, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तिच्या संरक्षणाची जबाबदारी सोपवू शकते. म्हणजे घर तिने सोडायचे नसते. वेळ आलीच तर मारणाऱ्याने सोडायचे असते. मात्र या कलमाखाली एखाद्या स्त्रीला घराबाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही, हे सुनेविषयी तक्रार असलेल्या सासूबाईंनी आधीच समजून घ्यावे, म्हणजे पुढे अपेक्षाभंग होणार नाही.

सुनेविषयी तक्रार चालते तरी का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आरंभी चालत नव्हती. कायद्यात गैरअर्जदार म्हणून ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. मुंबईतल्या एका आईने आणि तिच्या मुलीने मुलगा, सून व दोन लेकींविरुद्ध दाद मागितली, तेव्हा स्त्रियांना या तक्रारीत ओढता येणार नाही असा मुद्दा निघाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ व न्या. रोहिंटन नरिमन यांनी ते दोन शब्द घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. तेव्हापासून सुनेने सासूला छळले तरी सासू अर्ज करू शकते, आणि सासूने सुनेला छळले तर सून तर करू शकतेच. या पाक्षिकाच्या वाचकांत दोन्ही बाजूंच्या स्त्रिया आहेत, याची मला जाणीव आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणारी सूनच रात्री नवऱ्याचा मार खाते, अशी घरेही आहेत. शुश्रूषा करणाऱ्या बाईचे अंग दुखत असेल तर रुग्णाचे करणे कसे होणार, हा प्रश्न आरोग्याचाच आहे.

आणि केवळ मार म्हणजे हिंसा नव्हे. तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांचा समावेश आहे. आरोग्याला वा जिवाला धोका होईल असे वागणे हीदेखील हिंसा. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा होणारे पासबुक काढून घेणे, मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन ‘पैसे नाहीत’ म्हणून अडवून ठेवणे, गुडघेदुखीने अडलेल्या बाईला रात्रभर ओसरीत ठेवून आतून कडी लावणे, हे सारे अर्जात लिहावे. सातबारावर नाव असलेल्या आईकडून बक्षीसपत्रावर अंगठा घेण्यासाठी जी शिवीगाळ आणि उपासमार चालते, तीही लिहावी. आपल्या भागात म्हातारपणीच्या मारामागे पुष्कळदा दारू असते आणि दारूच्या मागे पुष्कळदा जमीन असते.

आता मुख्य विषयाकडे येऊ. धोका आज रात्रीचा आहे आणि आदेश महिन्यांनी मिळणार असेल, तर त्याचा उपयोग काय? हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला असावा. म्हणून २३वे कलम आहे. अर्जावरून सकृद्दर्शनी हिंसा होत आहे, झाली आहे किंवा होण्याचा संभव आहे असे दिसले, तर न्यायदंडाधिकारी समोरच्याला ऐकून घेण्यापूर्वीच, केवळ अर्जदार स्त्रीच्या शपथपत्रावर, एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात. ‘होण्याचा संभव’ हे शब्द महत्त्वाचे. हाड मोडेपर्यंत थांबण्याची गरज नाही. एरवीही पहिली तारीख अर्ज पोचल्यापासून सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी, नोटीस दोन दिवसांत बजावली जावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात साठ दिवसांची मर्यादा किती ठिकाणी पाळली जाते, हे कचेरीच्या व्हरांड्यात तारखांना बसलेल्या कुणालाही विचारावे. त्यामुळेच अंतरिम आदेशाची मागणी स्वतंत्रपणे, ठळकपणे आणि पहिल्याच दिवशी करायची असते. नुसता मूळ अर्ज देऊन घरी परतणाऱ्या स्त्रीला मधले सगळे दिवस त्याच छपराखाली, पण आता चिडलेल्या माणसासोबत काढावे लागतात. ते दिवस फार धोक्याचे.

मूळ अर्जाचा नमुना दोन, अंतरिम आदेशासाठीच्या शपथपत्राचा नमुना तीन. हे दोन कागद एकत्रच जायला हवेत, एवढे वकिलांना आवर्जून विचारावे. वकील परवडत नसेल तर? विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नांदेड आणि लातूर येथे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते.

शपथपत्रावर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण तातडीचा आदेश मिळणे-न मिळणे पुष्कळसे त्यातल्या चार-सहा परिच्छेदांवर ठरते. ‘गैरअर्जदार हा अर्जदारास नेहमी शारीरिक व मानसिक त्रास देतो’ असे वाक्य वाचून कुणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. न्यायाधीशांच्या टेबलावर अशी वाक्ये रोज येतात. त्याऐवजी शेवटची घटना आधी लिहावी : कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, घरात कोण होते, त्याच्या हातात काय होते, तो काय म्हणाला, मार कुठे बसला, दवाखान्यात कधी गेलात. मग त्याआधीची सर्वांत वाईट घटना. मग पहिली. आणि शेवटी, आजच आदेश का हवा, हे साध्या शब्दांत : ‘त्याने सोमवारपर्यंत सही कर, नाहीतर विहिरीत ढकलतो असे म्हटले आहे.’

“तारखा कुठून आठवायच्या, बाई?” असे वृद्ध स्त्रिया म्हणतात. तारीख आठवत नसेल, सण आठवतो. येळवशीच्या दिवशी रानात आंबिलाचे मडके फोडून त्याने मारले, माळेगावच्या जत्रेला निघण्याच्या आदल्या रात्री गळा धरला, पोळ्याला बैल सजवून आल्यावर काठी उगारली. लातूरकडच्या बाईला वेळ अमावास्या आणि नांदेडच्या बाईला खंडोबाची जत्रा कधी विसरता येत नाही. घरातल्या नातीने भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्या तिथीची तारीख शोधून द्यावी. शंका असेल तर ‘सुमारे’ हा शब्द घालावा. पण ठाऊक नसलेले ठाऊक आहे म्हणून शपथेवर लिहू नये. एक खोटी तारीख दहा खऱ्या घटनांना झाकोळते.

शपथपत्राला बळ देते ते डॉक्टरांचे टिपण. येथे आरोग्याविषयी दोन गोष्टी सांगतो, त्या कायद्याहूनही आधीच्या आहेत. गळा दाबला गेला असेल, तर बाहेर खूण नसली तरी आतली सूज काही तासांनी वाढू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास अडणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. डोक्याला मार बसला आणि वृद्ध व्यक्ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर रक्तस्राव सावकाश होऊन डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला अडखळता फरक काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतो. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नाहीतर आपले उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालय, जिथे जाल तिथे खरे कारण सांगावे. नियमाप्रमाणे, आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. घटना अहवाल झालेला नसेल तर तो रुग्णालयाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणी अहवालाची प्रत त्या स्त्रीला विनामूल्य द्यायची असते. केसपेपरवर ‘पाय घसरून’ लिहून घेतलेत, तर पुढे न्यायालयात तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो.

हे सारे स्वतःच्या पायांनी करणे ज्यांना शक्य नाही, त्यांचे काय? ज्या बाईला खाटेवरून उठता येत नाही, जिच्याजवळ फोन नाही, ती कचेरीत कशी पोचणार? माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मायाळू भाग येथे आहे. अर्ज तिनेच केला पाहिजे असे नाही. तिच्या वतीने संरक्षण अधिकारी किंवा दुसरी कोणतीही व्यक्ती तो करू शकते. शेजारीण, पुतण्या, घरी येणारी परिचारिका, आशाताई, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्या माणसावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नियमांत तातडीच्या प्रसंगासाठी खास तजवीज आहे : फोनवरून जरी विश्वासार्ह खबर मिळाली, तरी संरक्षण अधिकाऱ्याने ताबडतोब पोलिसांची मदत घ्यायची, पोलिसांनी त्याच्यासोबत त्या घरी जायचे, घटना अहवाल तिथेच नोंदवायचा आणि विलंब न करता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा.

संरक्षण अधिकारी कुठे भेटतात, याचा माग जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात लागतो. तालुक्याला कोण आहे, हे तिथे विचारून नाव-क्रमांक आजच लिहून ठेवावा. गरज पडेल तेव्हा शोधू म्हणू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी निश्चित करण्याचे निर्देश राज्यांना पुन्हा एकदा दिले. कायदा लागू होऊन इतकी वर्षे झाल्यावर तसे सांगावे लागले, यातच काय ते आले. प्रत्यक्ष धोक्याच्या क्षणी ११२ लावावा. महिलांसाठी १८१ आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळावा अशी योजना आहे. पोलीस ठाण्यात गेल्यास, आपल्याला या कायद्याखालचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील यांची माहिती देणे हे पाचव्या कलमाप्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे. ‘घरचा मामला आहे, मिटवून घ्या’ असे उत्तर आले, तर ‘घटना अहवाल कोण भरून देईल?’ एवढाच प्रश्न शांतपणे विचारावा. आणि कुणीच भरून दिला नाही, तरी स्त्रीला थेट न्यायालयात अर्ज देता येतो. अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

कोणत्या न्यायालयात, हाही प्रश्न मनात असतो. ज्या गावात मार खाल्ला तिथेच जायला हवे असे नाही. २७व्या कलमाप्रमाणे ती स्त्री जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. किनवटच्या आईला लेकीने उदगीरला आणले असेल, तर उदगीरला. लातूरला शिकवणीसाठी नातवंडांसोबत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी आज्या आहेत. गावाकडून येऊन पैशांसाठी तमाशा करणाऱ्या मुलाविरुद्ध त्या लातूरलाच अर्ज करू शकतात. गावातल्या ओळखीच्या चेहऱ्यांसमोर उभे राहण्याची लाज ज्यांना वाटते, त्यांना याचा आधार वाटेल. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी विनंतीही करता येते.

आता घरातल्या त्या माणसांविषयी, ज्यांना स्वतःला कुणी मारत नाही, पण जे पलीकडच्या खोलीतून सारे ऐकतात. सासरे, आजोबा, आजी. सुनेला मार पडत असताना ते हरिपाठाची पोथी उघडतात, टीव्हीचा आवाज वाढवतात. दोष द्यावा असे नाही, तेही भ्यालेले असतात. त्यांनी १८व्या कलमातली एक ओळ जाणून घ्यावी. संरक्षण आदेशात केवळ त्या स्त्रीलाच नव्हे, तर तिच्यावर अवलंबून असलेल्यांना, तिच्या नातेवाइकांना आणि तिला मदत करणाऱ्या कुणालाही त्रास देण्यास मनाई करता येते. म्हणजे सुनेच्या बाजूने साक्षीचे दोन शब्द बोलणाऱ्या सासऱ्याचे नावही त्या मनाईच्या आत घालता येते. अर्जात तशी मागणी मात्र नावानिशी करावी लागते.

वृद्ध पुरुषांची अडचण वेगळी. या कायद्याखाली पुरुष अर्जदार होऊ शकत नाही. मुलाचा मार खाणाऱ्या वडिलांनी मारहाणीची फौजदारी तक्रार करावी, आणि त्याच्या जोडीने २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम वापरावा. त्याचे न्यायाधिकरण म्हणजे आपले उपविभागीय अधिकारी. तिथे दरमहा निर्वाहखर्च मागता येतो; ‘सांभाळीन’ या अटीवर करून घेतलेले बक्षीसपत्र, न सांभाळल्यास २३व्या कलमाखाली रद्द करून मागता येते. ही अट दस्तातच लिहिलेली असावी. दुय्यम निबंधकाकडे सही करण्यापूर्वी ती ओळ दस्तात आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, चष्मा घरी राहिला असेल तर परत जाऊन आणावा. मात्र या न्यायाधिकरणाचा उपयोग सुनेला रस्त्यावर काढण्याची युक्ती म्हणून करता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनेचा निवासाचा हक्क आणि ज्येष्ठांचा हक्क, दोन्ही सांभाळूनच निर्णय द्यावा असे सांगितले आहे.

आदेश हातात आला, की तो कपाटात घडी घालून ठेवण्याचा कागद नाही. त्याची प्रत अर्जदार स्त्रीला आणि संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य मिळायची असते. ठाण्यात प्रत खरोखर पोचली का, हे विचारायला घरातल्या कुणीतरी जाऊन यावे. ३१व्या कलमाची शिक्षा संरक्षण आदेश, मग तो अंतरिम का असेना, मोडण्याला जोडलेली आहे; म्हणून अर्जात नुसता खर्च किंवा औषधाचे पैसे मागून थांबू नये, हिंसेला मनाई करणारा आदेश स्पष्ट मागावा. तो मोडला गेला तर पोलिसांत, न्यायालयात किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे लेखी कळवता येते, आणि अशा प्रकरणात त्या स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते. शेजाऱ्यांनी साक्ष द्यायला नकार दिला, तरी सारे संपत नाही. पुढे मुलगा सुधारला, दारू सुटली, आईलाच आदेश नकोसा झाला, तर तो रद्द करण्याचा अर्जही तिला करता येतो. हे दार उघडे आहे म्हणून तरी पुष्कळ आयांनी पहिले पाऊल टाकावे.

अंतरिम आदेशाची नोटीस मुलाला मिळते ती रात्र सांभाळावी लागते. संरक्षण अधिकाऱ्याने ‘सुरक्षा आराखडा’ करून द्यायचा असतो. नियमांत त्याचा नमुना पाच क्रमांकाचा आहे. तो मागून घ्यावा. वृद्धांच्या बाबतीत त्यात काही गोष्टी आपणच भराव्यात. त्या रात्री ती लेकीकडे वा बहिणीकडे असावी, निदान घरात चौथे माणूस असावे. पंधरा दिवसांच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, आधार कार्ड, पासबुक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सातबाराची झेरॉक्स एका पिशवीत घालून ती पिशवी घरात नव्हे, शेजारणीकडे ठेवावी. इन्सुलिन तिच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खालच्या फळीवर. आदेशाच्या पहिल्या पानाचा आणि शिक्का असलेल्या शेवटच्या पानाचा फोटो नातीच्या मोबाइलमध्ये असू द्यावा, कारण रात्री अकरा वाजता ठाणे अंमलदार पहिला प्रश्न ‘आदेश कुठाय?’ असाच विचारील.